कोरडी केलेली बोट भांडारात पोहोचेपर्यंत पुन्हा ओली होत असल्याबाबत

प्रति,
मा. भांडार अधिकारी साहेब,
आपत्ती साहित्य भांडार, गोदाकाठ विभाग,
नाशिक.

अर्जदार: वाल्मीक कारभारी शिरसाठ,
अध्यक्ष, बोट सांभाळ समिती, बेटवस्ती,
मौजे नदीसांगवी, जि. नाशिक.

विषय: हवा भरावयाच्या नारिंगी बोटीच्या पोटातील पाणी काढूनही ते पुन्हा आढळत असल्याचा खुलासा, आणि सदर बोट वस्तीकडेच ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या भांडाराचा शेरा, दि. १३ मे २०२५: "आत पाणी आहे. कोरडी करून आणणे."
२) शेरा, दि. ३ जून २०२५: "अद्याप पाणी आहे."
३) शेरा, दि. १३ जून २०२५: "पाणी आहेच. वापरास मनाई."

महोदय,

हा अर्ज लांबणार आहे, हे मला लिहायला बसण्याआधीच ठाऊक आहे. थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न मी आपल्या खिडकीवर तीनदा केला आणि तिन्ही वेळा मला तितक्याच थोडक्यात परत पाठवण्यात आले. सबब आता सविस्तर लिहितो. आपण तो बसून वाचावा, उभ्याने वाचू नये, ही पहिली विनंती.

१. आमच्या वस्तीला बेटवस्ती म्हणतात, पण ती बेट नाही. उन्हाळ्यात चांगली जमिनीला जोडलेली असते. गाव आणि वस्ती यांच्यामध्ये नाला आहे आणि नाल्यावर एक बुटका फरशी पूल आहे. वरच्या धरणांतून पाणी सोडले की गोदावरीचा फुगवटा नाल्यात मागे शिरतो आणि पूल पाण्याखाली जातो. कधी एक दिवस जातो, कधी आठवडाभर डोके वर काढत नाही. तेवढ्यापुरते आम्ही बेट. बाकी वर्षभर बेटाचे कोणतेही सुख आम्हाला नाही.

२. पूल बुडाला तर वस्तीवरच्या बहुतेकांचे फारसे बिघडत नाही. दूध विरजता येते. शाळा बुडते, त्याबद्दल पोरांनी आजवर एकही तक्रार केलेली नाही. पण धनराजचे भागत नाही. धनराज माझा धाकटा चुलतभाऊ. त्याच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडले आहे आणि दर मंगळवारी व शुक्रवारी त्याला नाशिकला डायलिसिससाठी न्यावेच लागते. एक वार चुकला तर अंगात पाणी साठते, पाय सुजतात, दम लागतो. लागोपाठ दुसरा वार चुकला तर काय होते, ते डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले आहे. ते मी अर्जात लिहीत नाही.

गेल्या पावसाळ्यात पूल बुडाला तेव्हा आपल्या भांडाराने दिलेल्या या बोटीतूनच आम्ही त्याला पलीकडे नेले आणि परत आणले. बोट नसती तर धनराज नसता, इतके ते सरळ आहे. त्याबद्दल आपल्या कार्यालयाचे आधी मनापासून आभार मानतो. तक्रार त्यानंतर.

३. आपला नियम असा की, बोट दर वर्षी पावसाळ्यापूर्वी भांडारात परत आणावी, तिची तपासणी व्हावी, "कोरडी" असा शेरा मिळावा आणि मगच ती पुन्हा वस्तीच्या ताब्यात द्यावी. आत पाणी राहिले तर कापडाला बुरशी धरते, जोड सुटतात आणि ऐन पुरात बोट दगा देते. हा नियम शहाण्या माणसाने केलेला आहे. आमचे भांडण नियमाशी नाही.

४. त्याप्रमाणे मे महिन्यात एका मंगळवारी आम्ही बोट सोमनाथच्या टेंपोत घातली. सोमनाथ हा आमच्या समितीचा सदस्य. त्याची द्राक्षबाग आहे, टेंपो आहे आणि प्रत्येक गोष्टीवर मत आहे. धनराजचा वार असल्याने एकाच खेपेत दोन्ही कामे होतील असा विचार केला: धनराजला दवाखान्यात सोडायचे, बोट भांडारात दाखवायची.

आपले तपासनीस श्री. वेणीमाधव दीक्षित हे सज्जन गृहस्थ आहेत, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे त्यांच्याविषयी माझा सूर थोडा बिघडणार आहे. ते बोटीला कान लावतात, डोळे मिटतात आणि एका हाताने तिला हलवतात. डॉक्टरसुद्धा हल्ली छातीला इतका वेळ देत नाहीत. त्यांनी कान लावला आणि म्हणाले, "डुचमळतंय हो."

आम्हीही कान लावले. खरेच डुचमळत होते. त्यांनी समजावून सांगितले की पंप ओला असला तर हवेबरोबर पाणीही आत ढकलतो आणि ते बोटीच्या कडेच्या फुगीर नळीच्या पोटात अडकून बसते. पटले. पंप आम्ही गोठ्यात ठेवला होता. मान खाली घालून परत आलो.

५. त्यानंतर बोट कोरडी करण्याचे काम वस्तीने हाती घेतले. ते आपल्या माहितीसाठी लिहितो, म्हणजे आम्ही हात बांधून बसलो नव्हतो हे कळेल.

बोटीच्या नळीला हवा भरायचा व्हॉल्व्ह आहे. तो आत घ्यायला तत्पर आणि बाहेर सोडायला नाखूश. बोटाने सतत दाबून धरले तरच काहीतरी बाहेर देतो. सरकारी कामाचा अनुभव असलेल्यांना हे यंत्र लगेच समजले. व्हॉल्व्ह सर्वांत खाली येईल अशी बोट उभी धरायची आणि पाणी त्याच्याकडे हाकायचे, असे ठरले. आम्ही तिला उभी केली, आडवी केली, सतरंजीसारखी गुंडाळली. पाणी पुढच्या टोकाला हाकले की मागच्या टोकाला ऐकू येई. बोटीला टोके दोनच आहेत, पण पाणी नेहमी तिसऱ्या टोकाला असे.

सल्ले पुष्कळ आले. मोबाईल भिजला की तांदळात ठेवतात, तशी बोटही ठेवावी असे एकाने सुचवले. एवढे तांदूळ नाशकात कुठे पिकतात ते त्याने सांगितले नाही. शेवटी सोमनाथने बागेवर औषध मारायचा ब्लोअर आणला. त्याचे तोंड व्हॉल्व्हला लावले. बोट अशी टरारून फुगली की बायकांनी पोरे घरात नेली. मग सोमनाथने व्हॉल्व्ह दाबला, तेव्हा आतले पाणी आणि ब्लोअरच्या टाकीत उरलेले मोरचुदाचे औषध, असे दोन्ही मिळून त्याच्या पांढऱ्या शर्टावर आले. तो शर्ट अजून निळा आहे. सोमनाथने त्याबद्दल भरपाई मागायला सांगितले होते, मी ती मागत नाही. त्याला ब्लोअर धुवायला काय झाले होते?

उरलेली ओल काढण्यासाठी व्हॉल्व्ह उघडा ठेवून बोट माझ्या कांदाचाळीत टांगली. चाळीत चहूबाजूंनी वारा खेळतो, कांदा टिकतो तो त्यामुळेच. बोट चांगली खडखडीत वाळली. अर्ध्या कांद्याचा वारा मात्र अडला, आणि त्यावरून घरात जे बोलणे झाले ते समितीच्या कामकाजात येत नाही. तेव्हापासून बोटीला कांद्याचा वास येतो, तो पाण्याचा पुरावा समजू नये.

यानंतर मी कान लावला. सोमनाथने लावला. धनराजनेही लावला आणि म्हणाला, "नाय डुचमळत. वाल्मीकदादा, माझ्यातलं पाणी काढायला मशीन हाय, हिला उगा छळलं तुम्ही. माझ्या शेजारच्या खाटेवर टाकायची. आम्हा दोघांचा आजार एकच." धनराजचा स्वभाव असा आहे. आपण हसलो नाही तर त्याला वाईट वाटते, म्हणून आम्ही हसतो.

६. दि. ३ जून रोजी, पुन्हा मंगळवारीच, बोट भांडारात आणली. श्री. दीक्षितांनी कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आहे."

महोदय, त्या वेळी माझा तोल गेला. मी म्हणालो की पाणी बोटीत नसून साहेबांच्या कानात आहे. हे बोलायला नको होते. दीक्षित साहेब शांतपणे म्हणाले, "शिरसाठ, मी जे ऐकतो ते लिहितो. तुम्हीच ऐका." मी ऐकले. पाणी होते. थोडे होते, पण होते. कांदाचाळीत खडखडीत असलेली बोट नाशिकला येईपर्यंत ओली कशी झाली? सोमनाथचे म्हणणे पडले की रस्त्यातल्या खड्ड्यांनी हवा घुसळून तिचे पाणी होते, जसे ताकाचे लोणी. हे मी आपल्या माणसांसमोर ऐकून घेतले.

७. पुढच्या खेपेस आम्ही बोट पुन्हा वाळवली, व्हॉल्व्ह बंद केला, वर चिकटपट्टी लावली आणि सरपंचांना बोलावून त्यांच्यादेखत ती टेंपोत ठेवली. दि. १३ जून, शुक्रवार. भांडारात पोहोचलो तेव्हा चिकटपट्टी जशीच्या तशी होती आणि आत पाणीही जसेच्या तसे होते. या वेळी दीक्षित साहेबांनी कान लावायच्या आधी माझ्याकडे जरा कणवेने पाहिले. मग "वापरास मनाई" असा शेरा मारला आणि बोट दुरुस्त करून आणा म्हणून आमच्याच हवाली केली. परतताना दवाखान्यातून थकून आलेला धनराज टेंपोत त्याच बोटीला टेकून झोपला. पाण्याच्या आवाजाने झोप छान लागली म्हणाला.

आता परिस्थिती अशी होती की बोट आमच्या दारात आणि तिला हात लावायला बंदी. आभाळ भरून येऊ लागले होते. रात्री मला झोप येईना. बोटीला कुणी नजर लावली, कुणी करणी केली, इथपर्यंत गोष्टी गेल्या. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण त्या ऐकून घेतल्या.

८. चौथी खेप दि. २७ जून, शुक्रवारची ठरली. बोट पुन्हा वाळवून, पट्टी लावून टेंपोत चढवल्यापासून तिच्यावरून नजर हलवायची नाही, असे मी ठरवले होते. टेंपो नेहमीप्रमाणे धनराजला घ्यायला माझ्या चुलतीच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, दारात थांबला. चुलतीचे नाव कुसाबाई. त्यांच्या दारातून कोणी चहा न घेता गेलेले नाही, आणि तेथे चहा घरात बसूनच घ्यावा लागतो. तिन्ही खेपांना आम्ही सगळे आत गेलो होतो. या खेपेस मी कपबशी घेऊन दाराशी उभा राहिलो.

चुलती कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या. बोटीच्या नाकाला हळदकुंकू लावले. ते त्या नेहमी लावतात, आम्हाला ठाऊक होते. त्यानंतर त्यांनी पदराखालून तेलाचे नरसाळे काढले, चिकटपट्टी नखाने अलगद उचलली, अंगठ्याने व्हॉल्व्ह दाबला, आणि फुलपात्रभर पाणी नरसाळ्यातून बोटीच्या पोटात ओतले. मग पट्टी होती तशी चिकटवून पदराने पुसली.

मी कपबशीसकट अंगणात धावलो. मी म्हणालो, "काकू! हे काय चालवलंय?"

"काय म्हंजे?" चुलती म्हणाल्या. "लोकाचं भांडं परत चाललंय. रिकामं धाडू का?"

९. महोदय, शेजारच्या घरून वाटीभर काही आले तर ती वाटी रिकामी परत जात नाही, ही रीत आपल्या घरीही असेल. साखर नाहीतर गूळ, काहीच नसेल तर दोन मिरच्या, पण काहीतरी घालूनच ती जाते. आपल्या मातोश्रींनी किंवा सौभाग्यवतींनी रिकामी वाटी परत दिलेली आपण पाहिली असल्यास मला कळवावे. बोट सरकारची, वापरली आम्ही, आता परत चालली. चुलतीच्या हिशेबी ते मोठे भांडेच.

पाणीच का, हेही मी विचारले. त्या म्हणाल्या, "साखर घातली तर मुंग्या लागतील. दाणं घातलं तर कुजतील. पाण्यातलं भांडं हाय, पाणी घातलं. चुकलं का काय?"

मी आवाज चढवून म्हणालो की काकू, तुमच्या या पाण्यापायी बोट मिळेना, आणि बोट मिळाली नाही तर धनराजचं काय होईल ते तुम्हाला कळतं का? तेव्हा त्या म्हणाल्या, "मला कळत नाय व्हय? ह्याच भांड्यानं माझं पोरगं पल्याड नेलं आन् माघारी आणून दिलं. दर खेपंला आणून दिलं. आन् मी त्याला रिकामं धाडू? देवानं इचारलं तर काय सांगू?"

कप आत ठेवायचे निमित्त करून मी घरात गेलो. आत धनराज खाटेवर बसून सगळे ऐकत होता. त्या एका वेळी त्याने विनोद केला नाही.

त्या दिवशी धनराजला दवाखान्यात पोहोचवले. बोट भांडारात आणली नाही.

१०. समितीने यावर तोडगा काढण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. साखरेची पुडी बोटीत वरच्या वर ठेवावी, असे मी सुचवले. चुलतीने ते फेटाळले. "पोटात घातलं तेच पोचतं. वर ठेवलेलं सोमनाथ खातो." सोमनाथने यापूर्वी बोटीपुढे फोडलेल्या नारळाचे काय केले, हे सर्वांना ठाऊक असल्याने पुढे चर्चा झाली नाही.

मग चुलतीला न कळवता बुधवारी पहाटे बोट न्यावी असे ठरले. बोट उचलायला गेलो तर चुलती टेंपोच्या फाळक्यावर फुलपात्र घेऊन बसल्या होत्या. आमच्यातले कोण फुटले याची चौकशी चालू आहे. धनराजला विचारले की तो भिंतीकडे पाहतो.

स्वतः धनराजनेही आईला समजावले, "आये, आत पाणी असलं तर साहेब बोट पाण्यात घालू देत नाय." त्यावर चुलतीचा प्रश्न असा: "मंग ती पाण्यात घालून कोरडी ऱ्हाणार हाय का?" भांडाराकडे याचे उत्तर असल्यास समितीस हवे आहे. मी बुरशीचे सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, फुलपात्रभर पाण्याने बुरशी यायची तर तुझ्या डोक्याला कधीच आली असती.

आणखी एक मुद्दा चुलतीने काढला, तो लिहावा की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. त्या म्हणाल्या, "सरकारनं भांडं धाडलं तव्हा त्याच्यात काय व्हतं?" महोदय, आम्ही आठवून पाहिले. बोट होती. पंप होता. वल्ही नव्हती आणि अंगात घालायची जॅकेटेही नव्हती; ती "मागाहून पाठवत आहोत" असे सांगितले होते. गेला सबंध पावसाळा आम्ही कांदाचाळीच्या दोन फळ्या तासून त्यांनी बोट हाकली. म्हणजे रीतीप्रमाणे पाहता भांडे आपल्याकडून रिकामे आले आणि आमच्याकडून भरून गेले. यात कोणाचे चुकले हे मी म्हणत नाही. चुलती म्हणतात.

११. सबब खालील विनंत्या करतो. आकड्यांत न लिहिता ओळीने लिहितो, कारण आकडे घातले की त्यातली एक मंजूर करून बाकीच्या राहून जातात असा अनुभव आहे.

सदर बोट "परत" मागू नये. ती वस्तीच्या ताब्यात कायमची द्यावी आणि तपासणीसाठी दीक्षित साहेबांनी वर्षातून एकदा आमच्याकडे यावे. त्यांना चहा मिळेल, तो घरात बसूनच घ्यावा लागेल. बोट घरची झाली की अडचणच उरत नाही. चुलतीने हे चारचौघांत कबूल केले आहे: "घरच्या भांड्यात मी कशाला पाणी घालू? येडी हाय का?" ही व्यवस्था नियमात बसत नसेल तर शेऱ्याच्या रकान्यात "कोरडी" याऐवजी "फुलपात्रभर पाण्यासह साभार परत" असा पर्याय ठेवता येईल का, ते पाहावे. आमचा अंदाज आहे की इतर वस्त्यांनाही तो लागेल, फक्त त्यांच्याकडे कोणी दाराशी उभे राहून चहा घेतलेला नसेल. वल्ही आणि जॅकेटेही सवडीने पाठवावीत.

आणि हे सगळे फेटाळले तरी चालेल, पण एक फेटाळू नये. निर्णय होईपर्यंत "वापरास मनाई" एवढा शेरा उठवावा. बोटीतले पाणी मी स्वतः काढले आहे आणि ती पुन्हा कांदाचाळीत टांगली आहे. धनराज पस्तिशीचा आहे. त्याच्या अंगात पाणी साठायला आपल्या कार्यालयाच्या टपालापेक्षा कमी वेळ लागतो. धनराजचे वार ठरलेले आहेत. पूल कोणत्या वारी बुडायचा, हे मात्र आम्हाला कोणी आगाऊ कळवत नाही.

वर कुठे माझा शब्द वाकडा गेला असेल तर तो काळजीपोटी गेला आहे, असे समजून घ्यावे. दीक्षित साहेबांच्या कानाबद्दल बोललो ते मी परत घेतो. त्यांचा कान उत्तम आहे, हे आता सिद्धच झाले.

आपल्या शेऱ्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,
वाल्मीक कारभारी शिरसाठ
बेटवस्ती, नदीसांगवी
रविवार, दि. ६ जुलै २०२५

सोबत: १) तिन्ही शेऱ्यांच्या झेरॉक्स.
२) धनराजच्या दवाखान्याच्या कार्डाची झेरॉक्स.
३) बोट कांदाचाळीत टांगलेली असतानाचा फोटो. (खाली उभा निळ्या शर्टातला इसम सोमनाथ.)
४) साखरेची पुडी. ही लाच नाही. हे पाकीट आपल्याच भांडाराच्या मागच्या पत्राचे आहे, उलटून चिकटवले आहे. म्हणजे तेही परतच चालले आहे, असे चुलतीचे म्हणणे पडले. मी वाद घातला नाही.

ता. क.: सोमवार, दि. ७ जुलै. अर्ज पोस्टात टाकायला निघालो तर पुलाला पाणी लागले आहे. वरून पाणी सोडल्याचा निरोप आत्ताच आला. पोस्टाचा भरवसा न धरता गुडघाभर पाण्यातून चालत हा अर्ज मी हातानेच आणून देत आहे. संध्याकाळपर्यंत पूल दिसणार नाही. उद्या मंगळवार आहे.

बोट फुगवून नाल्याच्या काठाला आणून ठेवली आहे. आज कार्यालय बंद व्हायच्या आत परवानगी मिळाली तर उपकार होतील. नाही मिळाली तर उद्या सकाळी आम्ही धनराजला तिच्यातून नेणारच आहोत. त्या नियमभंगाची ही आगाऊ नोंद घ्यावी आणि जी काय कारवाई असेल ती माझ्या एकट्याच्या नावावर करावी.

निघताना चुलती काठावर बसल्या होत्या. हातात फुलपात्र नव्हते. मी विचारले, आज पाणी नाही का घालायचे? तर म्हणाल्या, "आज कशाला? परत कुठं चाललीय ती? माझ्या पोराला घेऊन कामाला चाललीय." तरी सदर बोट उद्या सकाळी, पुराच्या पाण्यात, आतून पूर्ण कोरडी असेल. तपासणी करावयाची असल्यास दीक्षित साहेबांना पलीकडच्या काठावर पाठवावे, म्हणजे धनराजला उतरवून घ्यायला एक हातही होईल.